पदरावरचा मोर

आज मागावरची धूळ झटकली, रेशमाचा वास आला, अन् ती कॉलेजची सहल आठवली. पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. पंचवटी अन् नाशकातला एक कारखाना बघून ती पोरंपोरी येवल्यात आमचा पैठणीचा माग बघायला आली. एका पोरीनं पदराला हात लावून विचारलं, "काका, हा मोर कोणी विणला?"

"मीच," मी बोलून गेलो. विणला होता माझ्या बायकोनं, सुमननं. मला नुसतं साधं विणायला जमायचं.

सुमन बाजूलाच कांड्यांवर रेशीम गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "हो, यांचाच हाय. आता नाचून पण दाखवतील!"

सगळे हसले. मीपण हसलो, खरं काय ते बोललो नाय.

तिचा शेवटचा मोर मागावर अर्धाच राहिलाय. आता येईल त्याला न विचारता सांगतो, हा सुमनचा. पण जिनं ऐकायचं तीच गेली.