यादीतला जादा शब्द

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणी भुताखेतांचं काढलं की मी चहा टाकायला उठायचे. पण हे माझ्याच बाबतीत झालं, म्हणून लिहितेय.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. मी डोंबिवली वेस्टला राहायचे आणि खाडीकाठच्या कोळी बोलीवर पीएचडी करत होते. त्यासाठी कोपर स्टेशनजवळच्या हिराबाईंकडे जायचे. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्याच. दुपारी मासळी विकून आल्या की दारात बसून बोलायच्या, मी टेप करायचे. मग घरी येऊन एकेक शब्द वहीत, आणि वहीतून कॉम्प्युटरमध्ये — इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी टायपिंगची सोय माझ्याकडे नव्हती.

माझा दीर सुधीर याने मला एक छोटा प्रोग्राम लिहून दिलेला. आवाजाचा साचा सांगायचा, तसे शब्द तो फाइलमधून शोधून काढायचा. एका रविवारी सकाळी मी एकच तुकडा दोनदा येणारे शब्द मागितले. किरकिर, लुकलुक, बुडबुड... प्रिंटरमधून यादी आली. आणि मध्येच — तुबतुब.

हा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. वहीत नाही. फाइल उघडली, तर तिथेही नाही!

"सुधीर, तुझा प्रोग्राम शब्द बनवायला लागला की काय?"

"वहिनी, तो फक्त शोधतो. फाइलमध्येच नसेल तर आणणार कुठून?"

त्याने पुन्हा चालवून पाहिला. या वेळी तुबतुब आला नाही. पण कागदावर तो स्पष्ट होता... माझं धाबं दणाणलं. एक शब्द असा घुसला, तर चार वर्षांच्या कामावर भरवसा कसा ठेवायचा? आठवडाभर सगळ्या कॅसेटी ऐकल्या. कुठेच नाही. शेवटी कागद घेऊन हिराबाईंकडे गेले.

"हिरामावशी, तुबतुब म्हणजे काय हो?"

त्यांच्या हातातली सुपारी तशीच राहिली.

"यो सबूद तुला कोनी सांगला गो?"

"कॉम्प्युटरने."

"माजा बापूस मना याच नावानं हाक मारायचा. बारकी होतू, चिखलान चालताना पायांचा आवाज व्हायचा ना... तुबतुब, तुबतुब. बा गेला, मंग कोनी नाय बोललं. मी पन इसरलू."

घाबरतील असं मला वाटलेलं. पण त्यांचा चेहरा उजळला होता. कागद हातात घेऊन म्हणाल्या, "कुठं लिवलाय, बोट ठेव." मी ठेवलं. "आता मोठ्यानं वाच."

"तुबतुब!"

"आयलू, बा!" बापाच्या हाकेला ओ दिल्यासारख्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून खुदखुदत राहिल्या. मलाही हसू आलं, डोळेही भरले. कागद मी त्यांनाच देऊन टाकला.

प्रबंधात तो शब्द घातला नाही. कुठून मिळाला हे लिहावं लागलं असतं, आणि ते मला आजही माहीत नाही.