पवित्र गुरुवारचे चकचकीत पाय

पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आमचे फादर बारा जणांचे पाय धुतात, पुसतात आणि त्यांचं चुंबन घेतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. वरच्याने गुडघे टेकायचे आणि खालच्याने खुर्चीत बसायचं. ज्याच्यात्याच्या मोठेपणावर चाललेल्या आजच्या जगाला याहून सणसणीत चपराक मला तरी माहीत नाही. आणि आमच्या लोकांनी त्याचं काय केलं? निवडलेले बारा जण आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन पेडिक्युअर करून येतात. घासलेले, क्रीम चोपडलेले पाय घेऊन देवळात बसतात आणि ते पुन्हा धुवून घेतात. नाकापेक्षा मोती जड! मला किळस येते, आणि ती पायांची नाही.

यंदा बारा जणांत माझी आई होती. भातशेतीच्या गावातून ती गिरीज गावच्या वाडीत सून म्हणून आली आणि केळी, भाजीत राबत म्हातारी झाली. मधुमेहाने तिच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली. माझा धाकटा भाऊ कुवेतला आहे. मिस्सा मोबाइलवर थेट दिसते, त्यामुळे आईला एकच हौस होती, फादर आपला पाय धुताना लेकाने बघावं.

त्या गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी कॅमेऱ्याचं काम बघणारा आमच्याच आळीतला तरुण घरी आला. खुर्चीत नीट बसलाही नाही.

"मावशी, क्लोजअपमध्ये तो पाय जरा ऑड दिसेल. फॉरेनहून पण लोक बघतात ना. तुम्ही डावा पुढे करा."

माझं डोकं सणकलं. वधस्तंभावरच्या येशूच्या जखमांना फुलं वाहणाऱ्यांना माझ्या आईची जखम ऑड! मी तोंड उघडणार तेवढ्यात आईच बोलली.

"बाबा, चांगला पाय मी घरी पन धुते. फादरांना हाच देनार."

तो मान हलवून गेला. मला वाटलं, समजलं त्याला.

गुरुवारी आईने उजवाच पाय पुढे केला. फादरांनी तो दोन्ही हातांत धरला, पाणी ओतलं, पुसला आणि जिथे बोटं नव्हती तिथेच ओठ टेकले.

घरी पोचतो तोच भावाचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, तू बसलेली दिसलीस. मग एकदम वेदीवरची फुलंच दाखवत राहिले. नंतर पुढच्या माणसाचे पाय आले. तुझा पाय धुतला ना?"

संतापाने माझे कान तापले. असल्या घाणेरड्या मनाची माणसं देवळात काय शोधायला येतात, हे मला अजून कळलेलं नाही. आईने मात्र चप्पल काढली, पाय स्टुलावर ठेवला आणि मला फोन खाली धरायला लावला.

"हे बघ. हितं पापी घेतली फादरांनी."

भावाचा चेहरा, मग नुसते ओठ जवळ, अगदी जवळ आले आणि पडदा काळा झाला.

"दिसना झाला," आई मला म्हणाली. "फोन बंद पडला का गं?"