न घोरणाऱ्यांचा गट

लातूरच्या एका डेंटल कॉलेजात मी एमडीएस करत होते. थिसिसचा विषय गाईड सरांनीच दिला. दातांसाठी काढलेल्या थ्री-डी स्कॅनमध्ये घशातली श्वासाची वाटही दिसते. घोरणाऱ्यांची आणि न घोरणाऱ्यांची ती वाट मोजून ताडून पाहायची. जुने स्कॅन आमच्याकडे होतेच. पेशंटची परवानगी घ्यायची आणि फॉर्म भरायचा. पहिलाच प्रश्न, 'आपण घोरता का?'

महिनाभरात मला कळलं, की लातूर जिल्ह्यात कुणीच घोरत नाही.

औशाच्या एका शेतकरी काकांनीही "न्हाई" म्हणून टाकलं. शेजारी त्यांची बायको बसली होती.

"खोटं कशाला बोलायलात?" ती म्हणाली. "मॅडम, पाव्हणे आले की ह्यांना मी वर माळवदावर झोपाया धाडते."

"ते थकव्यानं असतंय," काका म्हणाले. "घोरणं न्हाई ते."

घरच्यांनाही विचारावं, असं मी सरांना सुचवलं. "संशोधनात ऐकीव गोष्टींना जागा नसते," सर म्हणाले. "पेशंट सांगतो ते लिहा."

न घोरणाऱ्यांचा गट असा झटपट भरला. दाताच्या इम्प्लांटच्या वेळी काढलेला सरांचा स्वतःचा स्कॅनही त्यात होता. त्यांनी आपला फॉर्म आपल्याच हातानं भरला होता, ठळक 'नाही' लिहून.

नावं झाकून, नुसते नंबर टाकून मी मोजमापं विभागातल्या सगळ्यांसमोर मांडली. अकरा नंबरची वाट सगळ्यांत अरुंद निघाली. सर चष्मा सावरत स्क्रीनजवळ आले.

"हा माणूस या गटात कसा? याला आधी झोपेच्या तपासणीला पाठवा."

"सर, फॉर्मवर 'नाही' लिहिलंय."

"कोण आहे हा शहाणा?"

नंबरांची यादी माझ्याकडेच होती. मी पुढची स्लाइड लावली. सगळे गेल्यावर त्यांच्या केबिनमध्ये जाऊन ती यादी टेबलावर ठेवली. सरांनी अकरासमोरचं आपलं नाव वाचलं.

"मोजण्यात चूक झाली असेल."

त्यांच्यासमोर पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

"तसंही, जागेपणी काढलेल्या स्कॅनवरून झोपेतलं निदान होत नाही."

हे अगदी खरं होतं. "म्हणूनच तुम्ही तपासणी सांगितलीत, सर," मी म्हणाले आणि बाहेर आले. थिसिसवर सही त्यांचीच लागणार होती.

पुढचा आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग लग्नाचं कारण सांगून दोन दिवस नांदेडला गेले. खरं काय ते त्यांच्या पत्नीनं मला फोनवर सांगितलं. लातुरात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून तपासणी नांदेडला केली होती. झोपेत श्वास वारंवार थांबत होता.

"मी किती वर्षं सांगतेय," त्या म्हणाल्या. "यांचा श्वास थांबला की मी उठून बसायचे, पुन्हा सुरू होईपर्यंत. माझं ऐकलं नाही, तुझ्या कॉम्प्युटरचं ऐकलं."



सर आता हवा देणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपतात. अकरा नंबर मी दुसऱ्या गटात हलवला आणि त्यांनी सही केली. पूर्वी बुधवारच्या सेमिनारला दिवे मंद झाले की पहिल्या रांगेत सरांची मान छातीवर यायची आणि आमचं निभावून जायचं. हल्ली ते टक्क जागे असतात आणि प्रत्येक स्लाइडवर प्रश्न विचारतात. माझे ज्युनिअर त्याबद्दल मला अजून दोष देतात.