डांगराचा पहिला घाव

जळगावात आमच्या कुंपणापलीकडे राहणाऱ्या शेजारणीला मी अक्का म्हणते. त्यांच्या परसात पत्र्यावर डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल पसरलेला असतो आणि त्याच्या सावलीत कोंबड्या माती उकरत असतात. "या वं माय, बठ्ठ्या या," ही सगळ्या कोंबड्यांना घातलेली त्यांची हाक ऐकली की माझी सकाळ मऊ होते. पिकलेलं डांगर मात्र त्या स्वतः कधीच चिरत नाहीत. "ते घरना मोठा पोऱ्या शे," घरच्या थोरल्या मुलावर बाईनं सुरी चालवू नये, असं म्हणून पहिला घाव कुणा पुरुषाकडून घालून घेतात.

काल त्यांची लाडकी तांबडी कोंबडी मान टाकून बसली होती.

"इले रोग लागना. आते बठ्ठ्यास्ले लागी जाई," बाकीच्या कोंबड्यांकडे पाहत अक्का पुटपुटल्या. त्यांनी तिला छातीशी धरलं, पिसांवरून एकदा हात फिरवला आणि त्याच हातानं तिची मान पिरगाळली. तो बारीकसा आवाज माझ्या दातांत शिरला. कोपऱ्यात खोल खड्डा करून त्यांनी तिला पुरलं, हात धुतले आणि वेलावरचं एक डांगर तोडून कुंपणावरून माझ्याकडे दिलं.

"ताई, भाऊ घर शेतस ना? इतलं चिरी देतीन का? मना हात उठस नही." माझ्या नवऱ्याला त्या भाऊ म्हणतात.

उन्हात तापलेलं ते फळ जिवंत असल्यासारखं ऊबदार लागलं. त्यांच्या ओल्या हातांकडे मला पाहवेना.