फेट्याखालची शालूबाई

वरवट बकालच्या शिवारात ट्रॅक्टर चालू झाला, की नुसत्या आवाजावरून माणसं सांगतात, शालूबाईचा आहे की दुसऱ्या कुणाचा. दुसरे लोक धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, येऊन गचका देतात आणि मग वळतात. शालूबाई चार हात आधीच वेग कमी करते, नांगर उचलते आणि रेघ मारल्यासारखी दुसऱ्या तासाला, नांगराच्या पुढच्या ओळीला, लागते.

हे शिकली ती चौतिसाव्या वर्षी. नवऱ्याच्या, उत्तमरावांच्या, एका डोळ्याची नजर अपघातात गेली आणि दुसराही मंद झाला. ठेवलेला ड्रायव्हर ऐन पेरणीत दुसऱ्याच्या कामावर निघून गेला. दोन दिवस तिनं त्याला फोन लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरची चावी घेतली. पहिल्या दिवशी शेजाऱ्याचं तारेचं कुंपण तोडलं, दुसऱ्या दिवशी ते स्वतः बांधून दिलं आणि पुन्हा सीटवर बसली. उत्तमराव धुऱ्यावर उभे राहून, इंजिनाच्या आवाजावरून गिअर सांगायचे. आज बारा वर्षं झाली. आजूबाजूच्या चार गावांत तिच्या नांगरटीला मागणी आहे.

गेल्या कार्तिकात पुण्याहून दोन गाड्या भरून माणसं आली. ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात करायची होती. सोयाबीन निघून रान मोकळं झालं होतं, मागे सातपुडा स्वच्छ दिसत होता, म्हणून त्यांनी शालूबाईचं वावर निवडलं. त्यांच्यात अर्पिता नावाची एक मुलगी होती, मूळची इकडच्याच धामणगाव बढेची. दिग्दर्शकाची मदतनीस. त्याच्यासमोर ती अगदी पुण्याचं बोलायची.

जाहिरातीत शेतकरी ट्रॅक्टर चालवणार होता आणि त्याची बायको डोक्यावर भाकरी घेऊन येणार होती. दोघांसाठीही नट आणले होते. नटी गोरीपान होती. बाभळीखाली खुर्चीत बसवून तिच्या तोंडाला आणि दंडांना काळपट रंग लावणं चाललं होतं. शालूबाईनं आपला हात त्या दंडाशेजारी धरून पाहिला. रंग बरोबर जुळला होता.

"इले रंगवत बसल्यापरीस याच रंगाची एखादी भेटली नाही का तुमाले?" तिनं विचारलं.

दिग्दर्शक हसला. "टीव्हीला चेहरा लागतो, काकू. तुमच्याबद्दल नाही म्हणत मी."

मग नटीनं वाक्य म्हटलं, "धनी, भाकर आणली हाय."

"आमच्याकडे असं कोनी नाही बोलत," शालूबाई म्हणाली. "आमी म्हनतो, 'अवो, जेवाले येता का?'"

"ते लोकांना खेड्यातलं वाटत नाही," दिग्दर्शक म्हणाला, आणि 'हाय' कायम राहिलं.

अडचण पुढे आली. नटाला ट्रॅक्टर येतच नव्हता. तीनदा बंद पडला, चौथ्यांदा तास असा वाकडा गेला की उत्तमरावांनाही कळलं. दिग्दर्शक त्यांच्याकडे वळला. "तुम्ही चालवता का?"

"मी नाही. घरची चालवते," उत्तमराव म्हणाले.

दिग्दर्शकानं घड्याळ पाहिलं, उतरणारं ऊन पाहिलं, आणि नटाचा सदरा, फेटा शालूबाईपुढे धरला. लांबून चेहरा दिसणार नव्हता. शालूबाईनं निऱ्या खोचल्या, वरून सदरा चढवला. फेटा अर्पितानं बांधला आणि गमतीनं मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला. तेव्हा शालूबाईला त्यात गंमतच वाटली. दोन लांब तास तिनं असे सरळ ओढले, की कॅमेरेवाल्यानं टाळी वाजवली.

चैतात जाहिरात टीव्हीवर लागली. सगळं घर समोर बसलं होतं. दिराची तेरा वर्षांची पुष्पांजली एकटक पाहत होती.

"मोठी माय, हा मानूस तुयापेक्षा भारी चालवते."

"अवं, ते मीच हाव."

"काही बी नोको सांगू. बाया अशा चालवतात का?"

पोरीनं ज्या हातांनी वाढलेली भाजी खाल्ली होती, ज्या हातांना रोज स्टिअरिंगवर पाहिलं होतं, त्यांच्यापेक्षा तिला तो फेटा खरा वाटला. शालूबाई ताटं गोळा करायला उठली.

त्याच आठवड्यात बचत गटाची बैठक होती. गटाला सरकारी योजनेतून भाड्यानं द्यायला ट्रॅक्टर मिळणार होता, आणि चालवायला कोण, हा विषय निघाला. मंजुळाबाई म्हणाली, "एखादा गडीमानूस पाहा. टीव्हीवर पाहा ना, गडीच शोभतात त्याच्यावर."

"आन मी?" शालूबाईनं विचारलं.

"तू येगळी आहेस, बाई."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. शालूबाई ताडकन उठली.

"मी येगळी-बिगळी काही नाही. तिसऱ्या दिवशी चावी घेतली, एवढंच. टीव्हीतला तो गडी मीच हाव. मले फेट्याखाली झाकलं, आन मी झाकू देलं. थे माई चूक. आता तुमी मले पाहून बी टीव्हीचंच खरं मानता, तर थे खोटं मले मोडावंच लागन."

घरी येऊन तिनं अर्पिताला फोन लावला. फेटा बांधल्यावर अर्पितानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तिला हवा होता.

"काकू, माझी नोकरी जाईल."

"मंग नोको देऊ. पन मले एक सांग. तू तिथं आपलं बोलनं काऊन लपवते?"

अर्पिता एकदम आपल्या बोलीत म्हणाली, "पयल्या दिवशी मी 'मले' म्हनलं, तं सगळे हसले, काकू. आपल्याकडच्या बोलन्यावर नाटकात हसतात ना, तसे." आणि लगेच पुढे, "आखाजीले घरी येनार हाव मी. तो व्हिडिओ नाही देत. आपन नवा काढू."

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी ती बसनं वरवटला आली. उन्हाळी नांगरट सुरू होती. शालूबाईनं सकाळीच गटातल्या बायकांना वावरात बोलावलं होतं. अकरा जणी आल्या, तिघी सीटवर बसायला तयार झाल्या, त्यांत पन्नाशीची मंजुळाबाईही होती. तिनं क्लच सोडताच ट्रॅक्टर असा उडाला, की ती ओरडली, "अवं माय वं!" आणि मग स्वतःच हसत सुटली. अर्पितानं ते सगळं टिपलं. शालूबाईचा उन्हानं रापलेला चेहरा, नांगराचा फाळ, मंजुळाबाईचं ओरडणं. शेवटी शालूबाई कॅमेऱ्याकडे पाहून बोलली, जशी रोज बोलते तशी.

"टीव्हीवर टायरची जाहिरात लागते. त्यात फेटा घातलेला मानूस आहे, तो मीच हाव. शालूबाई, वरवट बकाल. ज्याले शिकाचं असंन, त्यानं यावं."

अर्पितानं व्हिडिओ स्वतःच्या नावानं टाकला. लाखो लोकांनी पाहिला, असं काही झालं नाही. नऊ हजारांनी पाहिला. कुणी लिहिलं, ही कसली भाषा. कुणी रंगावरून टोमणा मारला. शालूबाईनं ते पुष्पांजलीकडून मोठ्यानं वाचून घेतलं, एकही शब्द न गाळता. वाचता वाचता पोरगी मध्येच थांबली.

"काऊन थांबली? वाच. हे बी माहीत पायजे."

पोरीनं शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "मोठी माय, मले कवा शिकवशीन?"

"अठरा पुरे झाल्यावर. तोवर इंजिन खोलाले शिक."

दिग्दर्शकानं अर्पिताला दोन महिने काम दिलं नाही. तिसऱ्या महिन्यात तिनं दुसरीकडे काम धरलं आणि तिथं पहिल्याच दिवशी 'मले' म्हटलं. हसले ते हसले.

गटानं ड्रायव्हर शोधणं सोडून दिलं. ट्रॅक्टर आला तेव्हा त्यावर मंजुळाबाई आणि आणखी दोघी पाळीनं बसू लागल्या. संग्रामपूरकडचा भगवंतराव नावाचा शेतकरी सुरुवातीला म्हणाला, बाई पाठवू नका. शालूबाईनं उत्तर पाठवलं, मंग नांगरट बी होनार नाही. चार दिवसांनी त्यानं स्वतः फोन केला.

दसऱ्याच्या आसपास त्याच जाहिरातीच्या कंपनीतून तिला फोन आला. आता लोकांना खरे चेहरे आवडतात, तुम्ही समोर याल का, असं विचारत होते. शालूबाईनं आपल्या अटी सांगितल्या. रंग लागणार नाही. बोलीन ते माझ्या तोंडचंच. आणि भाकरी घेऊन यायचीच असेल, तर उत्तमराव घेऊन येतील. रोज तेच आणतात.

पलीकडचा माणूस म्हणाला, वरती विचारून सांगतो. अजून काही कळवलं नाही त्यानं. तेव्हा हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती. शालूबाईनं फोन कमरेला खोचला आणि पेरणीयंत्राचे नट आवळायला बसली.