दुपारी दोन वाजताची भुतं

भुतांच्या गेमची खरंच भीती वाटते का, असं कोणी विचारलं की मला राग येतो. विचारणाऱ्याला ‘छे, त्यात काय!’ एवढंच ऐकायचं असतं. आम्हाला वाटायची. दरदरून घाम फुटायचा. त्यातला निम्मा घाम जळगावच्या मे महिन्याचा होता, हे मात्र कबूल करते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वडील तंत्रनिकेतनात शिकवायचे. पोरी मागे राहू नयेत म्हणून त्यांनी पदरमोड करून एक जुळवलेला कॉम्प्युटर घरी आणला. आईनं त्याला झालरीचं कव्हर शिवलं. खोलीत चप्पल घालून जायला बंदी होती आणि रात्री कॉम्प्युटर लावायलाही. म्हणून आमची भुतं दुपारी दोन वाजता निघायची.

गेमची सीडी ताईनं कॉलेजातल्या मैत्रिणीकडून आणली होती. एक ओसाड दवाखाना, आणि हातात कंदील घेऊन त्यात शिरलेली बाई म्हणजे आपण. मजला चढायचा, बंद दारं उघडायची. भूत क्वचितच दिसायचं, पण आधी पावलं वाजायची आणि खरा जीव जायचा तो तेव्हा. कूलर आणि कॉम्प्युटर एकदम लावले की फ्यूज उडे, त्यामुळे कूलर बंद. पडदे ओढलेले. बटणं ताईच्या हातात, आणि मी शेजारी वहीत नकाशा काढत बसलेली. पावलं वाजली की मी डोळे मिटून तिचा दंड धरायची.

‘‘गेलं का गं?’’

‘‘गेलं. उघड डोळे.’’

बऱ्याचदा ते गेलेलं नसायचंच. मी किंचाळले की ती पोट धरून हसायची. मग दोघी माठातलं पाणी प्यायचो आणि पुन्हा तिथंच जाऊन बसायचो. आई म्हणायची, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. असेल. पण तेवढं सुखाचं अवलक्षण मला नंतर कधी मिळालं नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी ताईचं लग्न होतं. मुलगा दोंडाईच्याचा, घरचा मिरचीचा व्यापार, घरात अठरा माणसं. ताईनं त्याला दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा चारचौघांच्या देखत. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक पाठराखीण जाते, तीन-चार दिवस राहते आणि परत येते. ताईनं मला विचारलं होतं. मी चक्क नाही म्हणाले. अनोळखी घर, अठरा माणसं, कोण जाणार? शिवाय ती चालली म्हणून मला राग होता, आणि तो काढायला हक्काचं माणूस तीच होती. ‘‘बरं,’’ म्हणाली. पुन्हा विचारलं नाही.

हळद लागली त्या दुपारी घर पाहुण्यांनी भरलेलं. पोटभर जेवून जो तो जागा मिळेल तिथं आडवा झाला होता. हळद लागलेल्या मुलीला बाधा चटकन होते, म्हणून तिला एकटं सोडायचं नाही, उंबरा ओलांडू द्यायचा नाही आणि तिच्या हातात कायम लोखंड द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. ताईच्या हातात अडकित्ता दिला होता. तो सांभाळत तिनं मला खूण केली. दवाखान्याचा शेवटचा मजला राहिला होता. हळदीनं पिवळी झालेली नवरी, मांडीवर अडकित्ता, आणि समोर पडद्यावर कंदील घेतलेली बाई. आज ते आठवून हसू येतं. तेव्हा आम्ही दोघीही हसत नव्हतो.

पावलं वाजू लागली आणि नेमक्या त्याच क्षणी आमची आत्या दार ढकलून आत आली. सगळे तिला अक्का म्हणायचे. साक्रीकडच्या खेड्यातून ती लग्नासाठी आली होती आणि बिचारी आडवं व्हायला जागा शोधत होती. तिनं आधी नवरी पाहिली, मग पडदा, आणि पडद्यावर त्याच वेळी भूत आलं.

‘‘ओ माय! हाई काय शे? हयद लागेल पोर भूतना म्होरे बसनी!’’

आम्ही काही बोलायच्या आत तिनं बाहेर जाऊन मेन स्विचच खाली ओढला. घरातले सगळे पंखे बंद पडले आणि सगळे पाहुणे जागे झाले. अक्कानं कोणाचं ऐकलं नाही. मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या आणून तिनं आधी ताईची दृष्ट काढली, मग मोठ्या गंभीरपणे मॉनिटरची. मिरच्या शेगडीत टाकल्या, ठसका म्हणून उठला नाही. ‘‘देखा!’’ अक्का म्हणाली. वडिलांनी, आयुष्यभर विद्युतशास्त्र शिकवलेल्या माणसानं, मुकाट्यानं मान डोलावली.

सगळे पांगल्यावर अक्का ताईजवळ बसली. ‘‘इतलं भ्याव वाटस, तं देखतस कसाले?’’

ताईनं अडकित्ता उघडला, मिटला. मग म्हणाली, ‘‘अक्का, हे मला वाटेल तेव्हा बंद करता येतं. म्हणून बघते. परवापासूनचं नाही ना बंद करता येत.’’ आणि ती रडायला लागली. सगळी दारं उघडणारी, माझ्या भित्रेपणावर पोट धरून हसणारी ताई. मला माझीच लाज वाटली. सगळा महिना तिच्या शेजारी बसून मी फक्त भूत बघत होते.

अक्कानं तिला जवळ घेतलं. ‘‘रडू नको बेटा. मी इसू तुनासंगे पाठराखीण.’’

‘‘तू नको,’’ मी म्हणाले. ‘‘मी जाते.’’

पुढे मी एकटीनं तो गेम दोनदा लावून पाहिला. भीती तेवढीच होती, गंमत मात्र औषधालाही नव्हती. पाच मिनिटांत बंद केला. लोकांना त्यात काय आवडतं ते मला ठाऊक नाही. मला दंड धरून ‘गेलं का’ विचारणं आवडायचं, आणि कोणीतरी खोटंच ‘गेलं’ म्हणणं.

दोंडाईच्यात मी चार दिवस राहिले. अठराही माणसं तशी चांगली होती. पहिल्या रात्री आम्ही दोघी माजघरात शेजारी शेजारी झोपलो आणि तिनं माझा हात सोडला नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती मला स्टेशनवर सोडायला आली. बरोबर नणंद होती, त्यामुळे धड बोलता येईना. जळगावला वडील घ्यायला येणार होते, तरी तिनं खिडकीशी येऊन दोनदा विचारलं, ‘‘नीट जाशील ना एकटी?’’ मी मान हलवली. मी तिला तेच विचारायला हवं होतं. गाडी हलली तसा तिनं पदर सावरला आणि हसून हात हलवला.

मी खिडकीबाहेर तोंड करून रडत होते. समोरच्या म्हातारीनं विचारलं, ‘‘पहिल्यांदाच सासरले चालनी का बेटा?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘बहिणीला तिथं ठेवून आले.’’