ताईच्या फळ्यावरची तिसरी ओळ

गडकिल्ल्यांसाठी हा ब्लॉग वाचणाऱ्यांनी रागावू नये. या वेळी मी हिंजवडीहून निघालो आणि पुण्यातल्याच एका गणिताच्या वर्गात जाऊन बसलो.

कारण ताई. आम्ही यवतमाळचे, मी सॉफ्टवेअरमध्ये रमलो, ती गणिताच्या संशोधनात. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती आणि माझ्या कंपनीत तिच्यासाठी जागा जवळजवळ पक्की होती. ती म्हणाली, "आधी माझं व्याख्यान ऐक. मग नोकरी धरू की नको, तूच सांग."

कंपनीच्या बसच्या भरवशावर निघू नका, वाकडला अडकाल. मी सकाळीच बाइक काढली. सदाशिव पेठेत ताईबरोबर तिच्या खोलीजवळ मिसळ खाल्ली. झणझणीत, आणि दोघांची मिळून शंभराच्या आत! मी आणखी पाव मागितला तर मालक म्हणाले, "अहो, इथे मिसळीबरोबर पाव मिळतो, पावाबरोबर मिसळ नाही."

वर्गात मोजकीच माणसं. ताईने फळ्यावर झोपाळा काढला. तो कुठे आहे आणि किती वेगात आहे, एवढं कळलं की त्याची पुढची सगळी वाट ठरते. झोपाळा निघाल्या जागी परत येतो. पण ग्रहांसारख्या गुंतागुंतीच्या गतीत अशी परत येणारी एक तरी वाट असतेच का? असते, असं ताईला सिद्ध करायचं होतं.

"मग दाखवा ती वाट," पहिल्या बाकावरचे वयस्कर सर म्हणाले.

"ती कुठे आहे मला माहीत नाही, सर. पण ती नसती, तर या गतीतून तयार होणाऱ्या आकृतीचं क्षेत्रफळ, जे शून्य होऊच शकत नाही, ते शून्य झालं असतं."

न पाहिलेल्या वाटेबद्दल इतकी खात्री!

"तुमच्या सिद्धतेतली ही तिसरी ओळ कशावरून?" सरांनी विचारलं.

ताई थांबली. फळ्याकडे बघत उभी राहिली. आमच्या मीटिंगमध्ये एव्हाना तिघांनी विषय बदलला असता. इथे कुणी खुर्चीसुद्धा हलवली नाही. बऱ्याच वेळाने ती वळली. "ही ओळ चुकली आहे," म्हणाली आणि स्वतःच पुसून टाकली.

मला वाटलं, व्याख्यान संपलं. सर मात्र उठून फळ्यापाशी गेले. "आता खरी मजा. पुन्हा मांडा." ताईचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

बाहेर चहा घेताना तिने विचारलं, "सांग आता, काय करू?"

"ती वाट आहे ना नक्की?"

"मला वाटतं, आहे. सिद्ध मात्र करावं लागेल."

"मग कर. नोकरी नको, असं मी कंपनीत कळवतो. माझ्याकडे राहायला ये."

आता हॉलमधला टीव्ही माझ्या खोलीत गेला आहे आणि त्याच्या जागी मोठा फळा आहे. तिसऱ्या ओळीची जागा अजून रिकामी आहे. हिंजवडीला आलात तर जरूर या. चपला बाहेर काढा, आणि ताई फळ्याकडे बघत उभी असेल तर काही बोलू नका.